काखेत काचणारा कोट

दुपारची कॉफी संपवून प्रोफेसर झ्वेटलर यांनी कॅफेतल्या खुंटीवरचा काळा कोट अंगात चढवला, आणि तो काखेत काचला. 'नाताळची बिस्किटं अंगी लागली,' ते मनाशी म्हणाले.

व्हिएन्नाच्या विद्यापीठात ते तीस वर्षं एकच गोष्ट सांगत आले होते: जुना सिद्धांत सोडणं शास्त्रज्ञांच्या जिवावर येतं. उलटे पुरावे समोर आले तरी ते ठिगळं लावत बसतात. मग एक दिवस विचारांची अख्खी चौकटच बदलते आणि कालचंच आकाश निराळं दिसू लागतं. आज सहा वाजता याच विषयावर त्यांचं निवृत्तीचं व्याख्यान होतं. हातानं लिहिलेली चाळीस पानं कोटाच्या आतल्या खिशात होती. दुसरी प्रत नव्हती.

घराच्या दाराशी किल्ली काढताना हाताला दोन दातांचा लोखंडी काटा लागला. लोणच्याचा असेल, बायकोनं ठेवला असेल. किल्ली मात्र कुलपात शिरेना. थंडीनं कुलूप आकसलं, हे उघड होतं. त्यांनी कुलपावर तोंडाची वाफ सोडून पाहिली. शेवटी कुलूपवाल्याला बोलावलं.

"किल्ली तुमचीच ना, प्रोफेसरसाहेब?"

"वीस वर्षं हिनंच दार उघडतंय! खोट कुलपात आहे."

"तुम्ही शिकलेली माणसं. मी काय बोलणार?" म्हणत त्यानं कुलूप फोडलं.

तेवढ्यात त्यांची बायको हर्मीना बाजारातून आली. तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"लिओपोल्ड, हा कोट कुणाचा घालून आलायस?"

एका क्षणात सगळं उलगडलं. काख, किल्ली... आणि तो काटा लोणच्याचा नव्हताच, तो सूर जुळवायचा नादकाटा होता!

"माझी पानं!" प्रोफेसर मटकन पायरीवर बसले.

"ऊठ! साडेचार वाजलेत."

कॅफेतल्या वेटरनं नादकाटा पाहताच सांगितलं, "हा पियानो जुळवणाऱ्या पोकोर्नींचा. समोरच्या नाट्यगृहात असतील बघा."

थंडगार रंगमंचावर ठेंगणे, गोलमटोल पोकोर्नी नादकाट्याविनाच, गुणगुणत सूर धरून पियानो जुळवत होते. अंगातला कोट गुडघ्याखाली लोंबत होता. प्रोफेसरांनी धापा टाकत आतल्या खिशाकडे बोट दाखवलं. चाळीसच्या चाळीस पानं निघाली. प्रोफेसरांनी ती छातीशी धरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण एवढा ढगळ कोट, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?" हर्मीनानं विचारलं.

"वाटलं ना, बाई!" पोकोर्नी ओशाळले. "डॉक्टरांनी तीन महिने बटाटा बंद केलाय. म्हटलं, आला एकदाचा गुण! दुपारी घरी फोनही केला. बायको रडलीच आनंदानं. संध्याकाळी तिच्या माहेरची माणसं बोलावलीयत, मला बघायला."

पोकोर्नींनी एक एक बटण काढायला सुरुवात केली.

"राहू द्या," प्रोफेसर म्हणाले. "उद्या द्या."

आणि पानं सांभाळत, श्वास आत ओढून, ते व्याख्यानाला निघाले.