शिष्यवृत्तीचं दही

"यंदा पिंपळटोलीचं पोरगं शिष्यवृत्तीत आलं नाही, तर मी मिशी ठेवणार नाही!" असं कृष्णराव गुरुजींनी मारुतीच्या पारावर छातीठोकपणे सांगितलं. आता गुरुजींची मिशी म्हणजे काही उतरवून ठेवण्याजोगी वस्तू नव्हती! पण माणूस पेटला होता. पेटणार नाही तर काय? चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत पिंपळटोलीच्या जिल्हा परिषद शाळेचं एकही पोर आजवर पास झालं नव्हतं. एकही नाही! दरसाल गुरुजी घसा फोडून शिकवायचे, दरसाल पोरं भंडाऱ्याला जाऊन पेपर द्यायची आणि उसाचा रस पिऊन खुशीत परत यायची. वर शेजारच्या गावचे मास्तर करडीच्या बाजारात भेटले की मुद्दाम विचारायचे, "काय गुरुजी, यंदा तरी?" त्या 'यंदा तरी'नं गुरुजींचं टाळकंच फिरायचं.

पण यंदा धुरपता होती! तुलारामची पोरगी. गणित फळ्यावर पुरतं लिहून व्हायच्या आत उत्तर सांगून मोकळी! गुरुजींचा सगळा जीव तिच्यात गुंतलेला. कारण तुलारामनं आधीच बजावून ठेवलं होतं.

"गुरुजी, पाचवीले करडीले जा लागते. पोट्टीले शिष्यवृत्ती भेटली तं पाठवतो. नाही भेटली, तं बस झालं शिक्षन! घरी लहान्या पोट्ट्याले कोन पाहीन?"

"अरे, अशी हुशार पोरगी घरी बसवतोस? लाज नाही वाटत?"

"वाटते न जी. पन लाजेनं पोट्टं सांभाळल्या जाते का?"

म्हणून तर गुरुजी पारावर चढले होते. भाषणाच्या शेवटी त्यांनी आवाज चढवला. "ही परीक्षा एकट्या पोट्ट्यांची नाही, अख्ख्या गावाची आहे! घराघरातून पाठबळ मिळालं पाहिजे!"

गावानं ते मनावर घेतलं. अहो, गावाला कधी काही मनावर घ्यायला सांगू नये!

परीक्षेच्या सकाळी गुरुजी परीक्षेला बसणारी पाचही पोरं घेऊन बस गाठायला निघाले, तर पहिल्याच दारात सत्यभामाबाई पितळेची वाटी घेऊन उभी. सगळ्या गावची ती मोठी आई.

"दही-साखर खाऊन जा व माय," म्हणून तिनं धुरपताच्या तोंडात चमचा कोंबला. चांगलं झालं, शकुन झाला. गुरुजी खूश! पण पुढच्या दारात गिरजाबाई. तिच्याही हातात वाटी. त्याच्या पुढच्या दारात रुखमा. मग काय, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट्याच वाट्या!

"अहो, बस निघून जाईल!" गुरुजी कळवळले.

"सत्यभामाबाईचं चाललं, मंग आमचं दही का आंबट हाय?" गिरजाबाई फणकारली.

आंबटच होतं! पण सांगणार कोण?

"शकुनाच्या दह्याले नाही म्हनत नसते, गुरुजी! नाही म्हनान अन् पोट्टी नापास झाली, तं मंग आमच्या नावानं बोंबलू नोका. घ्या, तुमीबी घ्या!"

या धमकीपुढे गुरुजींनी नांगी टाकली. पोरांनी खाल्लं, गुरुजींनी खाल्लं, एका म्हातारीनं तर धावत्या एसटीच्या खिडकीतून शेवटचा चमचा भरवला. आणि पुढे भंडाऱ्याचा तो रस्ता! एकेका खड्ड्यानं पोटातलं दही असं घुसळलं, की वैनगंगेच्या पुलावर येईपर्यंत त्याचं ताक झालं होतं.

पेपर सुरू झाला आणि थोड्याच वेळात पाचांतल्या ईश्वरनं दोन बोटं वर केली. तो परत यायच्या आत दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं. पर्यवेक्षक होते एक चष्मेवाले, बारीक नजरेचे सर. पोराच्या शिंकेतही त्यांना कॉपीचा वास यायचा. एकाच गावची पोरं एकामागोमाग बाहेर? त्यांचे कान टवकारले. शेवटी धुरपता उठली तेव्हा ते दबक्या पावलांनी तिच्या मागे गेले.

शाळेमागे दोन संडास. एकाला कुलूप. दुसऱ्याचं दार आतून बंद, आणि दाराशी धुरपता पाय आपटत उभी!

"गुरुजी, या न आता बाहेर! माहा पेपर ऱ्हायला न जी!"

"थांब व पोरी, थांब जरा!" आतून आवाज आला.

"सापडले!" सर गरजले. "कोण आहे आत?"

"मी... मुख्याध्यापक, पिंपळटोली."

"मुख्याध्यापक! शाब्बास! आत बसून उत्तरं सांगता? या बाहेर!"

"येऊ शकत नाही!"

"का? पुस्तक लपवताय?"

आता मात्र गुरुजींच्या रागाचा भडका उडाला. ज्या माणसानं जन्मात कुणाला कॉपी करू दिली नाही, त्याच्यावर हा आळ! आणि तोही कुठे गाठून! "पुस्तक? इथं टमरेल आहे, टमरेल! चोर म्हणता मला? थांबा, बाहेर येऊन दाखवतो!" असं ते ओरडले खरे, पण पोटानं परवानगी दिली नाही. त्यांना पुन्हा खाली बसावं लागलं.

"या मुलीचा पेपर रद्द!" सर म्हणाले.

ते शब्द कानावर पडले मात्र, गुरुजी कसेबसे पायजमा सावरत बाहेर आले. घामानं डबडबलेले, डोळे लाल. "माझं काय करायचं ते करा. नोकरी घ्या! पण तिचा पेपर हिसकावलात तर पोरगी जन्मभर घरी बसेल. तुमच्या टेबलापाशी बसवा तिला. विचारा काय विचारायचं ते!"

सरांनी तिथंच एक वाकडं गणित घातलं. धुरपतानं तोंडी बरोबर उत्तर दिलं, वर "आता जाऊ का जी?" म्हणून थेट संडासात घुसून कडी लावली. मग ती बाहेर आल्यावर तिला टेबलापाशी बसवून सरांनी पेपर पुरा करून घेतला. पण तोवर कितीतरी वेळ वाया गेला होता.

गावात उतरताच गुरुजींनी पाठबळवाल्यांची हजामत केली. "वाटोळं केलंत पोरीचं! परीक्षेला पाठवलं की बारशाला? खबरदार, पुन्हा कुणी दह्याचं नाव काढलंत तर!"

आणि जूनमध्ये निकाल लागला. धुरपता पास! शिष्यवृत्तीसकट!

गुरुजींनी मिशीला तेल लावलं, ठेवणीतला कोट चढवला आणि शाळेच्या दारात उभे राहिले. गुलाल उधळत, डफडं वाजवत मिरवणूक आली. पुढे नव्या दप्तरासह धुरपता, मागे हार घेऊन तुलाराम. गुरुजींनी विनयानं मान झुकवली. मिरवणूक त्यांना वळसा घालून सरळ सत्यभामाबाईच्या अंगणात शिरली आणि हार तिच्या गळ्यात पडला!

"अरे, ही काय मोगलाई आहे?" गुरुजी धावत जाऊन कडाडले. "वर्षभर घसा फोडला मी! पोरीला शिकवलं मी! आणि हार दह्याला?"

तुलारामनं अगदी मनापासून हात जोडले.

"तुमीच शिकवलं न जी, गुरुजी. नाही कोन म्हनते? पन तुमी तं दरसालच शिकवता. दही यंदाच देल्लं!"