समुद्राची तीन लक्षणे आणि लाडोजी तांडेलाची शिक्षा

श्रीजलदेवतेस नमन करून, भरती-ओहोटीस साक्ष ठेवोन लिहितो ऐसे जे : शके सोळाशे एकुणसत्तर, प्रभवनाम संवत्सरी, समुद्रकाठच्या एका राज्यात महाराजांनी थोरले गलबत बांधविले आणि आज्ञा केली की, चैत्री पौर्णिमेस सूर्योदयाची नौबत झडताच गलबत पाण्यात तरंगावे, न तरंगल्यास तांडेलास समुद्रात बुडवावे. तांडेल लाडोजी, म्हणजे गलबतावरील खलाशांचा नायक, चाळीस वर्षे खाडीत खुणेची काठी रोवून पाणी पाहणारा. तो, पंडित जीस ज्यावक्र म्हणतात ती, लाटेसारखी रेघ कागदावर काढोन सभेत आला आणि बोलिला, "महाराज, समुद्राची लक्षणे तीन. पाणी मधल्या खुणेपासून चार हात चढते, चारच हात उतरते, हा आयाम. भरतीपासून भरतीस एकतीस घटका, हा आवर्तकाल. आणि पौर्णिमेस चढते पाणी मधल्या खुणेस येते ते सूर्योदयानंतर सहा घटकांनी, हे कलांतर. तेथून पावणेआठ घटकांनी पूर्ण भरती. सूर्योदयी नुसता चिखल असतो."

मग अमात्य विसाजीपंत, ज्यांनी समुद्र खिडकीतूनच पाहिला होता, ते चिखलापासून भरतीच्या रेषेपर्यंत दोरी धरवून आठ हात मोजते जाहले आणि संतापोन बोलिले, "सरकारचा समुद्र हा निम्मा सांगतो. आयाम आठ हात लिहा." लाडोजी म्हणाला, "पंत, माप मधून घ्यावे, तळातून नव्हे." त्यास गप्प बसविले आणि भरती तेवढी चढेल ऐसे धरोन मधल्या खुणेच्या वर आठ हात उंच दगडी ओटा बांधोन गलबत त्यावर ठेविले. मग कलांतर ही समुद्राची कामचुकारी ठरवून, सहा आणि पावणेआठ मिळोन सुमारे चौदा, म्हणोन समुद्रास चौदा घटका अगोदर हजर होण्याचा हुकूम वाचोन दाखविला. समुद्राने दाद दिली नाही. तेव्हा पंतांनी सूर्योदयाची नौबतच चौदा घटका उशिरा वाजविण्याचे ठरविले आणि तोवर उजाडले ऐसे कोणी म्हणू नये म्हणोन दवंडी पिटविली. लोक भर दुपारी दात घासते जाहले.

पौर्णिमेस नौबत झडली, भरती चार हात चढली आणि थांबली. गलबत तिच्यावर चार हात कोरडे राहिले. लाडोजी हात जोडोन बोलिला, "महाराज, शिक्षा याच घटकेस व्हावी. मागाहून पाणी उतरेल, मग मला चिखलात बुडवावे लागेल." पंतांस हे फार पटले. लाडोजीस तत्काळ ढकलिले आणि तो उतरत्या पाण्याबरोबर पोहत पलीकडच्या राज्यात सुखरूप पोहोचला.

सारांश, त्या भरतीवर सरकारचा एक तांडेल तेवढा तरला. गलबत ओट्यावर आहे. सूर्योदय अद्याप दुपारीच होतो.