अपात्र, कारण निरोगी

मन दुखलं की दुसऱ्यापाशी बोलावं, हा शोध माणसाला फार पूर्वी लागला. त्यासाठी नंबर लावावा लागतो, हा मागाहून लागला. शंभर वर्षांपूर्वी रुग्ण आठवड्यातून पाच दिवस कोचावर आडवा होऊन बालपण सांगे. (काहींचं बालपण म्हातारपणी संपलं.) पुढे शास्त्राने प्रगती केली: आठवड्यातून एकदा, मग एकूण सोळा भेटी. ब्वेनोस आइरेसच्या एका सरकारी इस्पितळाने तर सगळा उपचार प्रवेशाच्या मुलाखतीतच बसवला आहे.

नेलिडा किरोगा ही शिवणकाम करणारी बाई. मार्चमध्ये तिचा भाऊ गेला. तेव्हापासून ती सकाळी दोघांपुरतं माते, म्हणजे तिकडचा कडू चहा, करी आणि एकटीच ते संपवत बसे. मशीनला हात लावेना. शेवटी तिने इस्पितळ गाठलं. पहाटे पाचची रांग, सात कागद, चार फेऱ्या, अकरा महिने. मग डॉक्टर फुमागाली भेटले.

"चारही वेळा वेळेवर आलात?"

"हो."

"परत पाठवलं तेव्हा भांडलात?"

"भांडून काय होणार?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, एवढं निभावणाऱ्या मनाला आजारी कोणत्या तोंडाने म्हणू? खरा आजारी पहिल्या फेरीतच गळतो."

"मग त्याला कोण बघतं?"

"तो येतच नाही ना."

(गेल्या वर्षीचे अर्ज चारशे बारा. गळालेले तीनशे नव्वद, शेरा 'इच्छा नाही'. उरलेले बावीस निरोगी. प्रलंबित कोणी नाही.)

"माझा भाऊ गेलाय हो," नेलिडा म्हणाली.

"त्याला रकाना नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं.

त्याच आठवड्यात खिडकीवरची कारकूनबाई मन बिघडल्याने रजेवर गेली. (उपचार खासगीत.) तिच्या जागेवर तपासून घेतलेलं मन हवं होतं. विभागाकडे ते ताजंच होतं. नेलिडा नेमली गेली.

पहिल्याच सोमवारी एक म्हातारा आला. वेळेवर, कागद पूर्ण, शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली. कोण गेलं तुमचं, असं विचारायला नेलिडाने तोंड उघडलं. मागे अठ्ठावीस माणसं उभी होती. तिने 'निरोगी'चा शिक्का मारला.

"आभारी आहे, बाई," तो म्हणाला.

घरी जाऊन ती वर्षात पहिल्यांदा रडली. दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला खिडकी उघडली.

वाचकहो, एका बाईचं दुःख आपण इथवर वाचलंत, मध्ये दोनदा हसलातही. प्रकृती उत्तम आहे. चला, पुढचे या.