गायकवाडांचं परदेशी ऑडिट

एका रविवारी पहाटे पाच वाजता आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले गायकवाड त्यांच्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि स्वच्छतागृहाच्या तीन फेऱ्या सोडल्या तर रात्री नऊपर्यंत उठले नाहीत. कमरेभोवती त्यांनी चामड्याचा जुना पट्टा खुर्चीसकट आवळला होता. मानेला घोड्याच्या नालेसारखी उशी. समोरच्या सीटचा अंदाज यावा म्हणून गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर इस्त्रीचं टेबल उभं केलेलं. त्यांची मुलगी प्रज्ञा दर चार तासांनी ट्रेमधून काहीतरी खायला आणून ठेवत होती आणि तोंड फिरवून हसत होती.

मी माझ्या गॅलरीतून विचारलं, "काय चाललंय, गायकवाड?"

"ट्रायल घ्यायलोय, सर. अमेरिका सोळा तास आहे. ट्रायलशिवाय आपण काहीच सुरू करत नाही."

गायकवाड वारले, त्याला आता वर्ष होईल. प्रज्ञा परवा फोनवर म्हणाली, "काका, पप्पांबद्दल काहीतरी लिहा ना. पण रडकं नका लिहू." मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट लावून ठेवलं, स्वतः फारसं लिहिलं नाही. त्यामुळे हे सावकाशच होणार. तिची अट पाळायचा प्रयत्न करतो.

गायकवाड मूळचे परभणीकडचे. चाकणच्या, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. संत तुकाराम नगरातल्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे ऑडिटसाहेब म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यांचं कंपनीतलं काम असं, की लहान कारखान्यांकडून, म्हणजे व्हेंडरकडून, माल घ्यायच्या आधी तिथे जायचं, तो कसा बनतो ते बघायचं, खोट दिसली की एकेक 'पॉइंट' लिहायचा आणि सगळे पॉइंट मिटल्याशिवाय माल पास करायचा नाही. निवृत्त झाल्यावर कंपनीनं त्यांना घड्याळ दिलं, पण ही सवय काही परत मागून घेतली नाही.

"लाइन बघितली का?" हा त्यांचा प्रश्न. लाइन म्हणजे माल जिथे बनतो ती जागा. ते पनीर घेताना डेअरीवाल्याला हे विचारत. हॉल ठरवताना आचाऱ्याला विचारत. खालच्या मजल्यावरच्या शिंद्यांच्या मुलीला तळवड्याच्या आयटी पार्कमधल्या मुलाचं स्थळ आलं, तेव्हा हे कुणालाही न सांगता स्कूटर काढून त्या मुलाच्या ऑफिसात जाऊन आले. संध्याकाळी शिंद्यांना जिन्यात गाठून रिपोर्ट दिला, "मुलगा ओके आहे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या आगीच्या दारापुढं खोकी रचलीत. लग्नाआधी ती काढायला सांगा."

शिंदे कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, मी मुलगी देतोय राव, बिल्डिंग नाही घेत!"

गंमत अशी, की ती खोकी निघाली. गायकवाड पुन्हा जाऊन बघून आले होते.

प्रज्ञाला लहानपणापासून विमान उडवायचं होतं. तिची आई, सुनंदावहिनी, प्रज्ञा बारावीत असताना गेली. त्यानंतर बापलेक दोघंच. मुलीनं इकडच्या परीक्षा दिल्या, वैद्यकीय तपासणी झाली, आणि उडायचं शिक्षण अमेरिकेत घ्यायचं असं ठरलं. तीन कॉलेजं निवडली. एक टेक्सासमधलं, एक फ्लोरिडातलं, एक ॲरिझोनातलं. इतर बापांनी अशा वेळी माहितीपत्रकं वाचली असती. गायकवाडांनी जाहीर केलं, की तिन्ही कॉलेजांचं ते स्वतः जाऊन ऑडिट करणार.

"पप्पा, ती कॉलेजं आहेत, व्हेंडर नाहीत," प्रज्ञा म्हणाली.

"बनवतात ना काहीतरी? पायलट बनवतात. मग व्हेंडरच झाले."

इंग्रजीची जबाबदारी माझ्याकडे आली. रोज सकाळी दहाला ते चेकलिस्ट घेऊन माझ्याकडे यायचे, चहा घ्यायचे आणि मी त्यांच्या प्रश्नांचं इंग्रजी करायचो. पहिल्या पानावर विमानं. किती जुनी, दुरुस्ती कोण करतं, त्याच्या हत्यारांची तपासणी शेवटची कधी झाली. इथपर्यंत ठीक होतं. दुसऱ्या पानापासून प्रश्न बदलत गेले. होस्टेलच्या जिन्याला कठडा आहे का. वारा जास्त असेल तर उडू नको असं सांगणारा माणूस रागीट आहे का. भात मिळतो का, आणि भात कशाला म्हणतात. सत्तेचाळिसावा प्रश्न मला आजही तोंडपाठ आहे: मुलीला ताप आला, तर तिला पहिल्यांदा कोण विचारतं? त्याचं नाव लिहा.

"हे कसं विचारायचं, गायकवाड?" मी म्हणालो.

"कामून? सरळ विचारायचं. नाव नसेल तर पॉइंट ओपन."

फ्लोरिडाच्या कॉलेजानं अत्यंत अदबीनं उत्तर पाठवलं, की आपण कोणत्या विमान कंपनीच्या वतीनं लिहीत आहात ते कळवावं. गायकवाड खूश झाले. "घाबरले बघा," ते म्हणाले. टेक्सासच्या कॉलेजातून एका बाईंचं उत्तर आलं. सत्तेचाळिसाव्या प्रश्नापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. गायकवाडांनी त्या ओळीखाली पट्टी धरून रेघ मारली. प्रवेशाचं पत्रही त्याच कॉलेजातून आधी आलं.

स्वतः ते विमानात कधी बसले नव्हते. म्हणून अभ्यास. आम्ही दोघं स्कूटरवरून चऱ्होलीला जायचो. तिथे नव्या इमारतींच्या मधे एक मोकळा प्लॉट उरला होता. तिथून लोहगाव विमानतळावर उतरणारी विमानं दिसत. कंपनीची टोपी घालून ते वहीत प्रत्येक विमानापुढे शेरा मारत. "ओके." "ओके." "हे जरा काठावर पास." प्लॉटवरचा वॉचमन एकदा विचारता झाला, "साहेब, विमानतळावर कामाला हाय व्हय?" गायकवाड म्हणाले, "न्हाई. पालक आहे."

प्लॉटच्या कडेला एक दगड होता, त्यावर मी पुस्तक घेऊन बसायचो. वाचन कमीच व्हायचं. एकदा कुठलंसं विमान अगदी खालून गेलं आणि त्यांनी शेरा मारलाच नाही. टोपी काढून नुसते वर बघत राहिले. मग म्हणाले, "आत बसलेल्याला खालचं माणूस दिसत असंल का, सर?" मी म्हणालो, एवढ्या खालून दिसत असेल. त्यांनी वही मिटली आणि आम्ही घरी आलो.

मग मुंबईला व्हिसाची मुलाखत झाली. ही हकिगत प्रज्ञानं मला सांगितली, कारण गायकवाड त्याविषयी कधीच बोलले नाहीत. दोघं एकाच खिडकीपाशी उभे. प्रज्ञाचं पाच मिनिटांत झालं. मग खिडकीतल्या बाईंनी गायकवाडांना प्रवासाचं कारण विचारलं. त्यांनी सांगितलं, "ऑडिट."

"कुणासाठी काम करता?"

"रिटायर्ड आहे. आता स्वतःसाठी."

"कुणाचं ऑडिट?"

"तुमच्या तीन कॉलेजांचं."

"किती दिवस राहणार?"

इथे प्रज्ञानं त्यांचा शर्ट मागून ओढला. पण तीस वर्षं ज्या प्रश्नाला माणसानं एकच उत्तर दिलं, त्याला तो दुसरं कसं देणार? गायकवाड म्हणाले, "सगळे पॉइंट क्लोज होईपर्यंत."

त्यांचा व्हिसा नाकारला गेला. मुलीचा मिळाला.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. निगडी आल्यावर पहिल्यांदा बोलले. "न बघता पास नाही. तू जायचं नाही."

प्रज्ञाला कॉलेजात हजर व्हायला अठरा दिवस उरले होते. ती तारीख चुकली, तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि ते पुन्हा जमेलच असं नव्हतं. घरात बोलणं बंद झालं. सकाळी दहाचा चहा बंद झाला. गॅलरीतली खुर्चीसुद्धा आत गेली. भिंतीपलीकडून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत, माणसं नाही.

पाचव्या दिवशी प्रज्ञा माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली. "काका, तुम्ही बोला ना त्यांच्याशी. मी ओरडले, रडले, काही होत नाहीये. ते म्हणतात नियम आहे. कंपनी सुटली तरी नियम आहे!"

मी भांडणाच्या कामाचा माणूस नाही. तरी गेलो. गायकवाड जमिनीवर बसून चेकलिस्टची पानं पंच करत होते. मी तयारी करून गेलो होतो, पण माझ्याकडून एवढंच निघालं, "पोरगी चांगली आहे, गायकवाड. तिला जाऊ द्या."

"पोरीत पॉइंट नाहीच की, सर."

"मग?"

त्यांनी आणखी दोन पानं पंच केली. मग म्हणाले, "सुनंदाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी एका व्हेंडरकडं गेलतो. रांजणगावला. हॉस्पिटलातून फोन आला, की आजच करावं लागतंय, करू का. मी फोनवरच हो म्हणलो. हॉस्पिटल बघितलं नव्हतं. कुठल्या मजल्यावर, कोण डॉक्टर, काही नाही. दुसऱ्याच्या फॅक्टरीत उभा राहून तिथले स्क्रू तपासायलो आणि फोनवर हो म्हणायलो."

मी पायाशी पडलेलं एक पान उचललं.

"हॉस्पिटल चांगलंच होतं, सर. मी नंतर जाऊन सगळं बघितलं. रजा टाकून दोन दिवस बघितलं. एक पॉइंट निघाला नाही. डॉक्टर देवमाणूस. त्यांनी सगळं केलं." त्यांनी पंचमधल्या कागदाच्या टिकल्या तळहातावर झाडल्या. "पण नंतर बघितलं ना."

वहिनी गेल्यापासून हा माणूस पनीर, हॉल, जावई, जिने, सगळं आधी बघत फिरत होता, आणि आम्ही सगळे हसत होतो. मीही. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि उरलेली पानं सरळ करून देत राहिलो. शेवटचं पान लागलं, तेव्हा मी म्हणालो, "टेक्सासच्या त्या बाईंनी स्वतःचं नाव लिहिलंय, गायकवाड. कुठल्या व्हेंडरनं कधी लिहिलं होतं?"

त्यांनी पानं फाइलला लावली. मी घरी आलो.

पुढचा आठवडाभर काहीच कळलं नाही. मग एका दुपारी जिन्यात दोन मोठ्या बॅगा दिसल्या. प्रज्ञा वर येताना माझ्याकडे बघून नुसती मान डोलावून गेली.

निघायच्या दिवशी सकाळी दहा वाजता बेल वाजली. गायकवाड, इस्त्रीचा शर्ट, हातात एक कागद.

"सर, जरा हे बघून द्या."

कंपनीत एक फॉर्म असतो, हे मला त्या दिवशी कळलं. माल नियमात बसत नाही, पण थांबवणंही बरोबर नाही, अशा वेळी इन्स्पेक्टरनं आपल्या जबाबदारीवर तो सोडायचा. त्याला डेव्हिएशन म्हणतात. "तीस वर्षांत एकदाबी दिलं नाही मी," गायकवाड म्हणाले. "साहेब लोक पाया पडले, तरी नाही."

फॉर्म त्यांनी पट्टीनं रेघा मारून घरी आखला होता, आणि मराठीत लिहिला होता. म्हणजे इंग्रजी तपासायचा प्रश्नच नव्हता. मी वाचला.

मालाचं नाव: प्रज्ञा दिगंबर गायकवाड. नग: एक. कारण: इन्स्पेक्टरला जाता आलं नाही. मालात दोष नाही. मुदत: परत येईपर्यंत.

खाली दोन सह्यांच्या जागा होत्या. 'तपासणी'पुढे त्यांची सही होती, नेहमीसारखी, प्रत्येक अक्षर सुटं. दुसऱ्या जागेपुढे 'उत्पादन' असं लिहिलं होतं आणि ती कोरी होती.

"ह्यावर प्रॉडक्शनची सही लागते," ते म्हणाले. "त्याशिवाय गेटपास होत नाही. मी करणार होतो, पण एकाच हाताच्या दोन सह्या चालत नाहीत. ऑडिटमध्ये पकडतात." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे, सर."

मी चष्मा पुसला. टेबलाशी बसलो, पेनाचं टोपण काढलं. वहिनींचं अक्षर कसं होतं ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून जमेल तेवढं सावकाश आणि स्वच्छ लिहिलं: सुनंदा दिगंबर गायकवाड.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. प्रज्ञा जिन्यातून हाक मारत होती, "पप्पा, चला ना!" गायकवाडांनी कागद उचलला आणि शाई वाळावी म्हणून त्यावर हलकी फुंकर घातली. मग पुन्हा एकदा ते नाव वाचलं.

"बघा," ते म्हणाले, "लगेच सही दिली. तिनं तर पहिल्याच दिवशी दिली असती."