पावतीरावांचं उतरणी शुल्क

धक्क्यावर उतरून पावतीरावांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि हात तिथंच राहिला. खिशात रहिवासी कार्ड नव्हतं. पँटचे खिसे, नव्या चष्म्याची पिशवी, रुमालाची घडी, सगळं चाचपून झालं. कार्ड नाही ते नाहीच. सकाळी पलीकडच्या शहरात चष्मा आणायला निघताना बायकोनं इस्त्रीचा शर्ट हातात दिला होता, तो त्यांनी तसाच अंगात चढवला होता. बेटावरून जाणाऱ्याला कार्ड कुणी विचारत नाही. विचारतात ते येणाऱ्याला.

तरी त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. धक्क्यावरची शुल्काची खिडकी म्हणजे त्यांचंच राज्य. अठरा वर्षं ते त्या खिडकीमागं बसत आले होते आणि पावतीशिवाय त्यांनी कुणाला पुढं सोडलं नव्हतं, म्हणून तर अख्खं बेट त्यांना पावतीराव म्हणे. बेटावर पर्यटकांची रीघ लागल्यापासून समितीनं जी जी शुल्कं बसवली, त्यांची नियमावली त्यांच्याच हातची होती. आज संध्याकाळी सहा वाजता समितीच्या बैठकीत ते आपला सगळ्यांत मोठा प्रस्ताव मांडणार होते: सगळी शुल्कं दुप्पट, आणि रहिवाशांच्या नातेवाइकांना असलेली अर्धी सवलत बंद. तो मंजूर झाला की मुख्य कारकून पावतीराव शुल्क अधिकारी होणार, असं अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. शुल्क अधिकाऱ्याला हात असलेली खुर्ची मिळते. पावतीरावांची सध्याची खुर्ची बिनहातांची होती आणि एका बाजूला कलत असे.

खिडकीत आज त्यांच्या जागी नव्या कारकून बाई होत्या. तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या, पावतीरावांनीच शिकवून तयार केलेल्या.

"बाई, कार्ड घरी राहिलं. फाटक उघडा जरा."

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग शेजारी खिळ्याला टांगलेल्या नियमावलीकडं पाहिलं. "साहेब, कलम चौदा."

कलम चौदा पावतीरावांना पाठ होतं. 'कार्ड नाही तो पर्यटक. ओळख म्हणजे पुरावा नव्हे.' त्यातलं दुसरं वाक्य त्यांचं फार लाडकं. ते सुचलं त्या दिवशी जेवताना त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं होतं. तशी सगळीच नियमावली तिनं जेवताना ऐकलेली होती, पण हे वाक्य दोनदा.

"अहो, तुम्ही मला ओळखत नाही का?"

"ओळखते ना. पण तुम्हीच म्हणालात, स्वतःचा बाप आला तरी पावती फाडायची. माझे वडील आले होते हो मागच्या महिन्यात. फाडली मी."

पावतीरावांनी मग कार्डाची दुसरी प्रत मागितली. बाई म्हणाल्या, प्रत देण्याचा अधिकार फक्त मुख्य कारकुनाला आहे आणि ते आज रजेवर आहेत.

"मीच तो मुख्य कारकून."

"कार्ड?" बाईंनी हात पुढं केला.

मागं पन्नासेक माणसांची रांग चुळबुळत होती. पावतीरावांनी बायकोला फोन लावला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, शोधते म्हणाली आणि दोन मिनिटांनी म्हणाली, की समोर तर कुठं दिसत नाही. तोवर रांगेतल्या एका गृहस्थानं पावतीरावांच्या खांद्याला हात लावून सांगितलं, "भरून टाका हो काका. इथले लोक दगड आहेत. आम्ही दरवर्षी भरतो."

पावतीरावांनी वर दरफलकाकडं पाहिलं. हा फलक त्यांनी अठरा वर्षांत पाठीमागूनच पाहिला होता आणि आज डोळ्यांवर नवा चष्मा होता. उतरणी शुल्क सहाशे. किनारा देखभाल दोनशे. कचरा दीडशे. सामान, प्रत्येक नगाला शंभर. मनगटपट्टी पन्नास. हे आकडे त्यांनीच घातले होते, पण घालताना ते इतके मोठे दिसले नव्हते.

"माझ्याकडं सामान कुठंय?"

बाईंनी चष्म्याच्या पिशवीकडं बोट दाखवलं.

अकराशे भरून पावतीराव फाटकातून आत आले तेव्हा त्यांच्या उजव्या मनगटावर पर्यटकाची नारिंगी पट्टी होती. ही पट्टी एकदा बसली की कात्रीशिवाय निघत नाही, आणि बेट सोडण्याआधी कापली तर पाचशे दंड. तेही कलम त्यांचंच.

धक्का असा बसला होता, की चहा घेतल्याशिवाय पाय उचलणं कठीण होतं. वाटेवरच्या चहावाल्याकडं ते वीस वर्षं चहा पीत होते. त्यानं नेहमीसारखा कप पुढं केला, पट्टी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"साठ झाले," तो हळूच म्हणाला.

"अरे, दहाचा चहा तो."

"रहिवाशाला दहा. पट्टीला साठ. तुम्ही वर कॅमेरा बसवलाय ना, पावतीराव. पट्टीवाल्याला दहात दिला तर माझा परवाना जातो. बसू पण नका बाकावर, सावलीचे वेगळे पडतात."

पावतीरावांनी साठ मोजले आणि उन्हात उभं राहून चहा प्याला. चहा तोच होता. त्यांना मात्र प्रत्येक घोट सहा-सहाचा लागत होता. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं चहावाला पुटपुटला की काय, असं त्यांना उगीच वाटलं.

घरी बायको दारातच उभी होती. वरच्या दोन खोल्या ती पर्यटकांना भाड्यानं देत असे, त्यामुळं त्यांचं घर समितीच्या दप्तरी निवासगृह होतं. तिनं आधी त्यांच्या मनगटाकडं पाहिलं, मग आतून पाहुण्यांची वही आणली.

"हे काय?"

"पट्टीवाला माणूस घरात आला की सहाच्या आत नोंद. नाही केली तर घरमालकाला हजार दंड. घर माझ्या नावावर आहे. मी कशाला हजार भरू?"

पावतीरावांनी बसून पेन उघडलं. बायकोनं वहीच्या पानाचा वरचा भाग तळहातानं दाबून धरला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. नाव, वय, पत्ता लिहून झाल्यावर गाडी अडली.

"येण्याचं कारण," ती म्हणाली.

"मी इथं राहतो."

"तसा रकाना नाहीये. सहल, व्यवसाय किंवा नातेवाईक."

"नातेवाईक लिहितो."

"कुणाचे?"

"तुझा," पावतीराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला होता.

"नात्याचा पुरावा?"

बायकोनं हे काही चिडून विचारलं नव्हतं. रकान्यातच तसं होतं. पण पावतीरावांचं पेन थांबलं. पुराव्याचा तो रकाना वहीत कधी आला, ते त्यांना नीट आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी बायकोची थोरली बहीण नवरा आणि तीन मुलं घेऊन आली होती. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, कागद जवळ नाही. खिडकीत पावतीराव स्वतः होते. त्यांनी पाचही जणांच्या पूर्ण दरानं पावत्या फाडल्या, धाकट्या मुलाच्या पोहण्याच्या टायरचेही शंभर लावले आणि पुढच्याच आठवड्यात पुराव्याचा रकाना वहीत घातला. मेहुणीनं पैसे भरले, बहिणीकडं चहा घेतला आणि मुक्कामाचे आणखी नकोत म्हणून संध्याकाळच्याच लाँचनं ती परत गेली. बायको तिला पोचवायला धक्क्यापर्यंत गेली होती. त्यानंतर तिनं त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही, आणि पावतीरावांनी त्याचा अर्थ तिला नियम पटला असा घेतला होता.

"सहल लिहितो," ते शेवटी म्हणाले.

निवास शुल्काचे तीनशे त्यांच्याजवळ नव्हते. बायकोनं कपाटातून काढून त्यांच्या हातात ठेवले, त्यांच्या हातातून परत घेतले आणि पावती दिली. पावतीरावांना वाईट वाटलं ते पैशांचं नाही. मेहुणी पावत्या पिशवीत ठेवताना हसली होती, ते हसू त्यांना आज दिसलं.

सहाला पाच कमी असताना ते समितीच्या कार्यालयात पोचले. आत सात सदस्य, अध्यक्ष आणि इतिवृत्त लिहायला बसलेल्या कारकून बाई. दारावरच्या शिपायानं पट्टी पाहून त्यांना बाहेरच थोपवलं. बैठक रहिवाशांची. पर्यटकाला आत यायचं तर फक्त तक्रार मांडायला. शंभर भरायचे आणि पाच मिनिटं बोलायचं. खिशातली सगळी चिल्लर आणि शिपायाकडून उसने घेतलेले साठ घालून पावतीरावांनी शंभर पुरे केले. शिपायाला स्वतःचं हसू दाबणं जड जात होतं.

पावतीराव उभे राहिले आणि बोलले. धक्क्यापासून घरापर्यंतचं अंतर बारा मिनिटांचं, आणि तेवढ्यात चौदाशे साठ गेले; आता तक्रारीचे धरून पंधराशे साठ. बाकावर बसता येत नाही, नात्याला पुरावा लागतो, आणि ज्याला यायचं असतं तो एकदा येऊन हसत निघून जातो, परत येत नाही. बोलताना पट्टी सारखी खाली घसरत होती.

सभागृह सुन्न झालं असेल, अशी त्यांची समजूत होती. अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली.

"बघा," ते सदस्यांना म्हणाले. "एकटा माणूस, अर्धा दिवस, पंधराशे साठ. त्यातले शंभर तर नुसती तक्रार करायला. म्हणजे लोकांना परवडतंय. दुप्पट काय, तिप्पट करायला हरकत नाही. पावतीराव, तुम्ही तुमच्याच प्रस्तावाला काय पुरावा आणलात हो. मांडा आता."

पावतीरावांचे डोळे पांढरे झाले. तेवढ्यात कारकून बाईंनी पेन वर केलं.

"साहेब, प्रस्ताव मांडणारा रहिवासी हजर नाही. कलम सव्वीस. तो गैरहजर असेल तर प्रस्ताव पुढच्या वर्षावर जातो."

कलम सव्वीस पावतीरावांनी प्रस्ताव ठेवून चहाला पळणाऱ्या सदस्यांसाठी लिहिलं होतं.

"गैरहजर कसे? हे काय समोर उभे आहेत," अध्यक्ष म्हणाले.

"ते पर्यटक आहेत. रहिवासी धरायचं, तर दुपारी घेतलेले अकराशे चुकीचे ठरतात. परत द्यावे लागतील. निवासाचे तीनशेही."

'परत' हा शब्द ऐकून सातही सदस्य सावरून बसले. समितीच्या उभ्या आयुष्यात कुणाला काही परत दिलं गेलं नव्हतं. अध्यक्षांनी घाम पुसला, क्षणभर विचार केला आणि मोठ्या मनानं मार्ग काढला. पावतीराव आपलेच आहेत. त्यांनी फक्त तोंडानं सांगावं की मी रहिवासी आहे. समिती त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवील, पैसेही परत देईल, प्रस्ताव मंजूर करील आणि उद्या सकाळी खुर्ची.

हात असलेली खुर्ची पावतीरावांना स्पष्ट दिसली. नव्या चष्म्यातून तिच्यावरची पितळी बटणंसुद्धा दिसली. त्यांनी खिशातून घामानं मऊ झालेल्या पावत्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"मी पर्यटक आहे," ते म्हणाले. "पावत्या आहेत माझ्याकडं."

प्रस्ताव पुढच्या वर्षावर गेला. अध्यक्ष त्यांच्याशी बोलले नाहीत. बाहेर पडताना कारकून बाईंनी मात्र उठून त्यांच्यासाठी दार धरलं.

घरी बायको ताटं घेत होती. पावतीरावांनी बैठकीत काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. खुर्चीचं सांगितलं नाही. ती "बरं झालं" एवढंच म्हणाली आणि आमटी गरम करायला वळली. वही टेबलावर उघडीच होती. त्यांनी सहज पाहिलं. त्यांच्या नोंदीच्या वरच्या ओळीत, दुपारी जिथं तळहात होता तिथं, मेहुणीचं नाव होतं. माणसं पाच, येण्याचा दिवस येता रविवार, कारण नातेवाईक, दर अर्धा. नोंदीची तारीख परवाची होती.

पावतीरावांनी ती तारीख पुन्हा वाचली. परवा प्रस्ताव लिहून झाला होता आणि त्यांनी तो जेवताना वाचून दाखवला होता. कलम सव्वीससुद्धा तिनं कधीतरी असंच जेवताना ऐकलं असणार. आज सकाळचा इस्त्रीचा शर्टही त्यांच्या डोळ्यांपुढून गेला.

मेहुणीच्या ओळीत एकच रकाना कोरा होता, नात्याच्या पुराव्याचा. पावतीरावांनी पेन उचललं, तिथं 'ओळख आहे' असं लिहिलं आणि खाली सही केली.

बायको आमटीचं भांडं घेऊन आली. तिनं वाकून ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि पदरानं उगीच डोळ्यांच्या कडा टिपल्या.

"ही सही चालायची नाही," ती म्हणाली. "वहीत शेरा मारायचा अधिकार पर्यटकाला नाही."

मग तिनं वहीच्या पुठ्ठ्याचं कव्हर उचकटलं, आतून त्यांचं रहिवासी कार्ड काढलं आणि ताटाशेजारी ठेवलं.

"आता करा."