त्रिंबकरावांच्या गाडीला ताप

त्रिंबकरावांनी जाहीर केलं, की या रविवारी सासुरवाडीला, म्हणजे वैरागला, एसटीनं जायचं नाही. आपल्या लाल स्पोर्ट्स कारनंच जायचं. (कार वीस वर्षांची, त्रिंबकराव बावन्नचे. चढ आला की दोघांनाही धाप लागायची.)

अडचण एकच होती. गाडीत बसून दहा मिनिटं झाली, की पायांना चटके. एसी लावला तरी कोमट वारा.

"रविवारपर्यंत गाडी गार झाली नाही, तर विकून टाकायची," शालनताईंनी बजावलं. "चपला वितळवून मी माहेरी जाणार नाही."

त्रिंबकरावांनी लगेच गाडी गॅरेजला नेली. उभ्या आयुष्यात बायकोला न विचारता घेतलेली ती एकमेव वस्तू होती!

गॅरेजवाल्या शिवयोगीनं बॉनेट उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि बंद केलं. "साहेब, फॉल्ट काय न्हाय. सोलापूर हाय हे. गरम व्हनारच की!"

"अरे, बाहेरच्यापेक्षा आत जास्त तापतंय!"

"लाल रंग हाय न्हवं? पांढरा मारू या."

त्रिंबकराव चिडून घरी आले. घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर घेऊन गाडीत बसले आणि तो पायाशी धरला. आकडा भराभर चढला, मग गायबच झाला. उरलं नुसतं इंग्रजी 'एच'.

"अगं, एच म्हणतोय हा!"

"एच म्हणजे हाय. फार ताप," शालनताई खिडकीतून म्हणाल्या.

"हाय नव्हे, हीटर!" त्रिंबकराव ओरडले.

(अर्थ साफ चुकला होता, निदान बरोबर होतं. सरकारी नोकरीत त्यांचं बऱ्याचदा याच्या उलट व्हायचं.)

ते तडक गॅरेजात. शिवयोगी पोट धरून हसला. "सोलापुरात हीटर कोन लावतंय, साहेब?"

"कुणी लावत नाही, म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही!" बावीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेल्या त्रिंबकरावांनी इंजिनकडून हीटरकडे जाणारे दोन रबरी पाइप दाखवले. "हा आवक, हा जावक. बटण थंडवर आहे, म्हणजे गरम पाण्याची आवक बंद पाहिजे. लाव हात."

शिवयोगीनं हात लावला. "आयायाया!"

गरम पाणी अडवणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकून बसला होता. भर मे महिन्यात हीटर जोरात चालू! नवा व्हॉल्व्ह बसला आणि शिवयोगीनं कान पकडले. "मानलं, साहेब. तुमी कारकुनीत उगाच गेला."

रविवारी बार्शी रोडला लागल्यावर शालनताईंनी पदर अंगाभोवती घेतला. "एसी जरा कमी करा की. गारठले मी." त्रिंबकरावांना वाटलं, हे वाक्य फ्रेम करून हॉलमध्ये लावावं.

वैरागला सगळी गल्ली गाडीभोवती जमली. सासूबाई मथुराबाई भाकरतुकडा ओवाळायला पुढं आल्या. शालनताई झोकात उतरल्या. त्रिंबकराव उतरेनात. सीट जमिनीला टेकलेली आणि तासाभराच्या गारव्यात कंबर धरलेली. शेवटी दोन मेहुण्यांनी काखेत हात घालून त्यांना उपसलं.

"अगंबाई! मग रोज कसं उतरत्यात गं जावई?" मथुराबाईंनी विचारलं.

"आत्तापर्यंत चटका बसायचा की," शालनताई म्हणाल्या. "आपोआप उडी मारायचे."