गिरदावर काकांनी बदललेला वार

आमच्या कलासंग्रहालयाचं कार्यक्रमपत्रक गिरदावर काका वाचत नाहीत, तपासतात. दर महिन्याला आगामी प्रदर्शनं आणि व्याख्यानांचं पत्रक नोटीस बोर्डावर लागलं, की दुसऱ्या दिवशी त्यावर लाल शाईत एक शब्द उमटलेला असतो : 'हरकत'. खाली सही, सहीखाली दोन रेघा.

विद्यापीठाच्या या संग्रहालयात कार्यक्रमांची व्यवस्था मी बघते. पत्रकही मीच तयार करते, म्हणजे ती लाल शाई माझ्याच वाट्याला. त्यात काका मावला गावात आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. ऑफिसात टाळलं तरी संध्याकाळी भाजीच्या गाडीवर गाठतातच. महसूल खात्यात गिरदावर म्हणून गावोगावच्या पीकपाण्याच्या नोंदी तपासण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाले, शेतं हातातून गेली, पण तपासायची खोड गेली नाही. मग ते आमच्यावर आले.

पत्रकात सकाळी अकराची वेळ आणि पाहुणे उगवले पावणेबाराला, हरकत. दीपप्रज्वलन आहे आणि माचिस सापडत नाही, हरकत. 'सर्वांचे स्वागत आहे' या वाक्यावरून तर त्यांनी मला अर्धा तास उभं केलं होतं. हे सर्व म्हणजे कोण? मागच्या वेळी हाजरीसाठी आणून बसवलेली पोरं होती, त्यांना सर्व म्हणता येतं का? शेवटी, "तहकीक करा बाई, मंग छापा," म्हणून निघून गेले. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला बाई म्हणतात. बाई म्हटलं की वाटेल ते सुनावता येतं, असा माझा संशय आहे.

यंदा आम्ही वाकळींचं प्रदर्शन ठरवलं. उटनूर रस्त्याच्या गावांतल्या माळणींनी जुन्या लुगड्या-धोतरांचे तुकडे जोडून शिवलेल्या वाकळी गोळा केल्या. संचालक सरांनी नाव दिलं, 'वाकळ : स्मृतींचे अवकाश'. सोमवारी उद्घाटन आणि लगेच हैदराबादच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान.

या वेळी काकांनी बोर्डाला हातही लावला नाही. सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"सोमवारी त्याईचा बाजार अस्ते बाई," ते म्हणाले. "ज्याईनं ह्या वाकळी शिवल्या, त्या तिकडं वांगे इकत बसतीन. तुमी कोनाले दाखवून राह्यले हे?"

मी त्यांना सरांकडे नेलं. सर बाहेरगावचे, त्यांनी हिंदीत समजावलं. पाहुण्यांना सोमवारच जमतो, पत्रकं छापून झाली आहेत, आणि खरं सांगायचं तर त्या बायकांना व्याख्यान कळणारही नाही. काकांनी एवढंच म्हटलं, की हे बेकायदा आहे. सरांचं ते शेवटचं वाक्य ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, पण मी खाली मान घालून उभी राहिले. माझी नोकरी कंत्राटी आहे.

जाताना काकांनी शंभरेक पत्रकं मागून घेतली, गावात वाटतो म्हणाले. राग गेला असेल असं वाटून मी आनंदाने दिली.

सोमवारचा कार्यक्रम पार पडला. हाजरीसाठी आणलेली पोरं, पाच-सात प्राध्यापक आणि आम्ही. पाहुणे मधोमध टांगलेल्या एका करड्या वाकळीसमोर उभे राहून पाऊण तास बोलले. तिच्या उदास रंगात त्यांना बाईचं सोसणं दिसत होतं. काका मात्र आले नाहीत. असं पहिल्यांदाच झालं.

बुधवारी सकाळी वॉचमन धावत आला. गेटवर तीस-चाळीस बाया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात आमचं पत्रक, त्यावर 'सोमवार' खोडून लाल शाईत 'बुधवार', आणि ती सही. काका दोन दिवस बसने गावोगाव हिंडून घरोघर सांगून आले होते. आता सगळ्यांच्या पुढे इस्त्रीच्या शर्टात, कापडी पिशवी काखेत धरून उभे होते.

मी त्यांना बाजूला घेतलं. ही फसवणूक आहे, सर पाहुण्यांना सोडायला हैदराबादला गेलेत, आज हॉल बंद असतो, माझी नोकरी जाईल, असं सगळं एका दमात बोलले.

"सई मायी हाये," काका म्हणाले. "जाब मले इचारतीन."

एवढ्या लांबून आलेल्या बायांना परत कशी पाठवणार? मी कुलूप काढलं.

आत शिरताच बायांनी वाकळी हाताळायला सुरुवात केली. 'हात लावू नये' ही पाटी मी दाखवणार होते, पण ज्यांनी शिवल्या त्यांना काय सांगायचं? एकीला तिच्या लग्नातलं लुगडं सापडलं, दुसरीला सासऱ्याचं धोतर. यमुनाबाई नावाची एक म्हातारी त्या करड्या वाकळीपुढे थांबली आणि हे कोणी टांगलं, असं तिने विचारलं. मी टांगलं होतं. ती म्हणाली, "उलटी हाये मायबाई."

आम्ही दोघींनी ती फिरवली. पलीकडून लाल, पिवळा, पोपटी अशी वाकळ निघाली. सोमवारी पाऊण तास एक विद्वान माणूस अस्तराकडे बघून बोलला होता, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढे मला लेखी खुलासा द्यावा लागला. तो काकांनीच तीन पानी लिहून दिला आणि माझी नोकरी वाचली. पण बुधवारचं एक सांगायचं राहिलं.

दुपारी बाया बसला गेल्या. यमुनाबाईंची बस उशिराची होती, त्या मागे राहिल्या. मी आवराआवर करत होते. काकांनी पिशवीतून एक अर्धवट वाकळ काढून त्यांच्यापुढे ठेवली. काकू जाऊन सहा-सात वर्षं झाली. त्यांच्या घरी मी हजारदा गेले असेन, पण ही कधी पाहिली नव्हती.

"नात झाली तवा घरच्यांनी घेतली होती शिवाले," काका खाली बघत म्हणाले. काकूंना ते नाव न घेता 'घरचे' म्हणत. "नात आता तिसरीत हाये. करीमनगरले."

यमुनाबाईंनी वाकळ गुडघ्यावर पसरली. "ठेवून जा, मी देतो शिवून."

"नाई. मले टाका दाखवा."

त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, मग वितीने कापड मोजलं. तिसरीतल्या पोरीला हे आखूड पडेल, आणखी कपडा पाहिजे, म्हणाल्या. काकांनी पुन्हा पिशवीत हात घातला. त्यांचे ऑफिसातले दोन पांढरे शर्ट होते, वेडेवाकडे कापून आणलेले.

दोघं जमिनीवर बसले. सुईत दोरा ओवायलाच काकांना बराच वेळ लागला. तिसरा टाका तिरका गेला.

"उसवा," यमुनाबाई म्हणाल्या.

काकांनी चष्मा सारखा केला आणि मुकाट्याने टाका उसवायला घेतला. हॉल बंद करायची वेळ झाली होती. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले.